डाव्या पायाचे ठोके

ड्रम वाजवणाऱ्यांच्या जगात डावा पाय म्हणजे सावत्र मुलगा. उजवा आपोआप शिकतो. डाव्याला शिकवावं लागतं, रागवावं लागतं, आणि तरी तो मागेच राहतो. दादाच्या बँडमध्ये याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. "डावा सगळ्यांचाच मठ्ठ असतो," हे वाक्य मी त्यांच्या खोलीत इतक्यांदा ऐकलं होतं, की मलाही तो निसर्गनियम वाटू लागला होता. तसा तो खोटाही नव्हता. खोटा असता तर आम्ही वेळेवर शंका तरी घेतली असती.

दादाचा मोठा ड्रम जमिनीवर आडवा ठेवलेला असतो. पायाने पेडल दाबलं की त्याला लावलेला बीटर, म्हणजे गोल डोक्याची छोटी हातोडी, ड्रमच्या पडद्यावर आपटते. डबल पेडलला अशा दोन हातोड्या असतात. उजवी उजव्या पायाखालीच, आणि डावी एका लांब दांड्याने डाव्या पेडलला जोडलेली. दोन्ही पाय आलटून पालटून वेगात चालले की शिवणयंत्र पळाल्यासारखा सलग आवाज येतो, फक्त तो कानाआधी पोटात ऐकू येतो.

दादाने स्वतः एक गाणं रचलं होतं. त्याला सगळे 'घाट' म्हणायचे, कारण एकदा चढायला लागलं की मध्ये थांबायला जागाच नाही. शेवटच्या भागात गिटार गप्प होते, गाणारा गप्प होतो आणि फक्त दादाचे पाय चालू राहतात. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, असं म्हणणं थोडं जास्त होईल. सायकलच्या दुकानातली नोकरी त्याला आवडायची, जेवण आवडायचं, मुलीही आवडायच्या. पण 'घाट' आपल्या स्वतःच्या पायांनी रेकॉर्ड व्हावा, हे त्याला बाकी सगळ्याच्या आधी हवं होतं.

अडचण होती ती डब्याची. गिटारवाल्या सुतळीने कार्यक्रमांसाठी एक डबा आणला होता. (सुतळी हे त्याच्या अंगकाठीवरून पडलेलं नाव. खरं नाव त्याची आई सोडून कुणी वापरत नसे.) ड्रमच्या पडद्याला एक सेन्सर चिकटवायचा. ठोका हलका बसो की जोरात, डब्यातून प्रत्येक वेळी तोच भरीव 'धम्' बाहेर पडायचा. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागे त्यांची सरावाची खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या बांधलेल्या. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे ड्रमच्या पोटातही रजया कोंबल्या होत्या, आणि सगळे कानाला हेडफोन लावून बसायचे. म्हणजे दादाचा खरा ठोका त्या खोलीत कुणालाच ऐकू येत नव्हता. दादालासुद्धा नाही.

रेकॉर्डिंगवाले काका मात्र जुन्या वळणाचे. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. पहिल्याच भेटीत त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं.

"हे माझ्याकडे चालत नाही. पाय असतील तर या. नसतील तर कॉम्प्युटरने ठोके भरून देतो, तुमचा ड्रमर तोवर खाली चहा पिऊन येईल."

"पाय आहेत काका," दादा म्हणाला.

"दोन्ही?"

सगळे हसले. दादा सगळ्यांत मोठ्याने हसला. रेकॉर्डिंगला तेव्हा पाच-सहा महिने अवकाश होता.

घरी येऊन त्याने माझ्यासमोर खुर्ची ओढली. "ए शास्त्रज्ञ, तुझ्या शिक्षणावर आईबाबांनी इतका खर्च केला. माझा डावा पाय उजव्याइतका करून दे."

"मी स्प्रिंगा तपासते, दादा. पाय नाही."

"पेडललाही स्प्रिंगच असते की."

हे खरं होतं. मी पदार्थविज्ञान शिकले आणि एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागले. तिथे दिवसभर यंत्र स्प्रिंगा दाबतं आणि सोडतं, दाबतं आणि सोडतं, त्या तुटेपर्यंत. तुटली की मी तुटलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि चीर कुठून सुरू झाली ते शोधते. बहुतेक वेळा ती पृष्ठभागावरच्या एखाद्या नगण्य ओरखड्यापासून सुरू झालेली असते. मला हे काम आवडतं. दादाच्या पायाचं कामही मला आवडलं.

मी मोबाईलवर त्याचे पाय चित्रित केले आणि संथ गतीत पाहिले. पहिली चूक लगेच दिसली. वेग वाढला की तो पूर्ण पाय मांडीपासून उचलत होता. मांडी जड. जड वस्तू थांबवून उलट दिशेने न्यायची तर वेळही लागतो आणि ताकदही. घोटा हलका. म्हणून ठरावीक वेगाच्या पुढे मांडी शांत ठेवायची आणि काम घोट्यावर सोपवायचं. दुसरी गोष्ट मला नवी होती, दादाला नव्हती: ठोका मारणं सोपं, पाय परत वर येणं अवघड. वेग परतीवर ठरतो. पाय वर यायला उशीर झाला की पुढचा ठोका एकतर उशिरा पडतो किंवा अर्धवट.

मग आम्ही सरावाची पद्धत ठरवली. आधी इतकं संथ वाजवायचं की कंटाळा यावा. एकट्या डाव्याने वाजवायचं. लय अगदी थोडी वाढवायची, आणि ठोके जरा जरी वेडेवाकडे झाले की निमूट मागे यायचं. दादा शिव्या घालत का होईना, पण मागे यायचा. आई दारातून बघायची. "लहानपणी पाढे पाठ कर म्हटलं तर पळून जायचा. आता पायाला पाढे शिकवतोय."

सुरुवातीला फरक पडला. दोन्ही पायांचे ठोके संथ चित्रणात एकमेकांच्या जवळ येऊ लागले. नंतर ते थांबलं. आणि मग डावा पुन्हा मागे पडायला लागला.

"सराव कमी पडतोय," दादा म्हणाला. त्याने वाढवला.

"दांड्यातून ताकद वाया जाते," सुतळी म्हणाला. "डाव्याला दांडा असतो, त्याला जास्त लोटावं लागतं." दांड्याला तेल दिलं. काही फरक नाही.

मग दादाने डाव्या पेडलची स्प्रिंग आवळली. हेही सगळेच करतात. स्प्रिंग घट्ट असली की पेडल पायाला झटक्याने वर फेकतं, परत येण्याचा वेळ वाचतो. आणि खरंच, ठोके सुधारले! दादा इतका खूश झाला की त्याने मला बाहेर जेवायला नेलं. काही आठवड्यांनी त्याने ती आणखी आवळली. नंतर बोल्टचे आटे संपेपर्यंत. मी पाहत होते. वेगासाठी स्प्रिंग घट्ट करतात, हे मलाही आता पाठ झालं होतं.

त्याच सुमारास जिन्यावर त्याच्या पावलाचा आवाज बदलला. उजवं पाऊल नेहमीसारखं, आणि डावं थप्पकन पडायचं, ओलं फडकं जमिनीवर टाकावं तसं. चप्पल पायातून निसटायची. एकदा डावी चप्पल फाटकापाशी राहिली आणि हा तसाच चार पावलं आत आला.

"चप्पल नवी घे," आई म्हणाली. "पट्टा सैल झालाय."

पट्टा सैल नव्हता. पण घाम, दमलेले पाय, दिवसभर दुकानात उभं राहणं, कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

एका रविवारी दुपारी तो पलंगावर आडवा पडला होता. त्याने मला हाक मारली. "हे बघ, मज्जा." डाव्या पोटरीच्या कातडीखाली काहीतरी उडत होतं. इथे एक टिचकी, तिथे एक, मग दोन एकदम, जणू आत कुणी बोटांनी दार वाजवतंय. पाय तर पूर्ण सैल होता.

"मी झोपलो तरी सराव चालू आहे याचा," दादा म्हणाला. "बघ, किती गुणी मुलगा झाला."

मी हसले. मी बोट ठेवून ते जाणवतं का पाहिलं. जाणवत होतं.

रेकॉर्डिंगच्या आधी काकांनी एक चाचणी ठेवली होती. स्टुडिओत त्यांनी ड्रमच्या पोटातल्या रजया काढून बाजूला टाकल्या, माइक लावला आणि काचेपलीकडे जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी होते. 'घाट' सुरू झाला. दादाचे पाय दिसत होते, दोन्ही हलत होते, अगदी आलटून पालटून. आणि ऐकू येत होता एकच पाय. ठोका, पोकळी, ठोका, पोकळी. पोकळीच्या जागी नीट कान दिला तर बोटाने पुठ्ठ्यावर मारल्यासारखं काहीतरी.

काकांनी गाणं थांबवलं. "डावा माइक बंद आहे का?" असं त्यांनी मदतनिसाला विचारलं, आणि मग त्यांचं त्यांनाच आठवलं, की ड्रम एक आहे आणि माइकही एकच.

"पुन्हा घेऊ," दादा म्हणाला.

पुन्हा घेतलं. चार-पाच वेळा. दर वेळी डावा आणखी आत गेला.

"पडदा ढिला आहे का?" दादाने विचारलं. "हे स्टूल माझ्या उंचीचं नाही. आमच्या खोलीत बरोबर वाजतं."

"नाचता येईना अंगण वाकडं," सुतळी म्हणाला. मायेने नव्हे. त्याने या चाचणीसाठी कामावर रजा टाकली होती. "सहा महिने काय केलंस रे? डबा होता म्हणून झाकली मूठ राहिली. काका, तुम्ही कॉम्प्युटरने भरा आणि मोकळे व्हा. नाहीतर दुसरा ड्रमर बघू, माझ्या ओळखीत आहे एक."

दादाने काठ्या खाली ठेवल्या. "सहा महिने मी काय केलं हे हिला विचार."

सुतळीने माझ्याकडे पाहिलं. माझं लक्ष पेडलकडे होतं. स्प्रिंगांशी माझा रोजचा संबंध, आणि त्या क्षणी मला एक साधी गोष्ट दिसली. इतकी आवळलेली स्प्रिंग खाली दाबायची म्हणजे जोर लागतो. तो जोर त्या पायात होता. मग ठोका इतका दुबळा का? कारण ठोक्याला उंची लागते. पाय वर गेलाच नाही तर खाली येणार कुठून? आणि वर न्यायचं काम पाय करतच नव्हता. गेले कित्येक आठवडे ते काम स्प्रिंग करत होती. आता तिलाही त्या पायाचं वजन पूर्ण उचलवत नव्हतं.

घरी आल्यावर मी त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. अनवाणी.

"टाचा टेकव. आता फक्त चवडे उचल. दोन्ही."

उजवा चवडा वर आला. डाव्याचा अंगठा थरथरला, बाकी पाऊल फरशीला चिकटून राहिलं.

"उचल की."

"उचलतोय."

"दादा, मस्करी नको."

"अगं उचलतोय मी!"

त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो स्वतःच्या पावलाकडे असा बघत होता, की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि मुद्दाम ऐकत नाहीये. आई कणीक मळत होती. तिचे हात परातीत थांबले. "मुंग्या आल्या असतील," ती म्हणाली, आणि हात न धुताच येऊन त्याचं पाऊल चोळू लागली.

मेंदू आणि नसांच्या डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तळव्यावर टोकदार वस्तू ओढून पाहिली, चालायला सांगितलं, टाचांवर चालायला सांगितलं. ते त्याला जमलं नाही. चप्पल निसटते तेव्हा कळतं का, असं विचारलं. कळतं, दादा म्हणाला. पाठीच्या कण्याची छायाचित्रं झाली, रक्त झालं. प्रत्येक तपासणी दुसरं काही असण्याची एकेक शक्यता काढून घेत गेली. शेवटी सुईची तपासणी ठरली.

तिच्यात स्नायूत बारीक सुई घालतात आणि स्नायूतली वीज पडद्यावर दिसते. स्पीकरवर ऐकूही येते. हे मला माहीत होतं, दादाला नव्हतं. खोलीत स्पीकर पाहून त्याला जरा बरं वाटलं.

"पाय सैल सोडा," डॉक्टर म्हणाल्या. "निवांत स्नायू गप्प असतो."

सुई आत गेली. स्पीकरमधून टक् आला. मग काहीच नाही. मग टक्-टक्, मग लांब शांतता, मग एक जाडसर ठोका.

"मी काही करत नाहीये," दादा म्हणाला.

"माहीत आहे."

"याला लयच नाही."

"नसते," डॉक्टर म्हणाल्या. "आता पाऊल वर उचलायचा प्रयत्न करा. पूर्ण जोर."

निरोगी स्नायूतून अशा वेळी कढईत एकदम मूठभर काहीतरी टाकल्यासारखा दाट आवाज येतो, शेकडो तंतू एकाच वेळी. दादाच्या पायातून एकच आवाज आला: टकटकटकटक, अतिशय जलद, अतिशय सम, एकट्याचा. पडद्यावर कुंपणाच्या काठ्यांसारख्या रेघा उमटल्या. मध्ये मोकळी जागा.

दादा ऐकत राहिला. "हा चांगला वाजवतो," तो म्हणाला. "कोण आहे हा?"

डॉक्टर बाईंनी क्षणभर हात थांबवला. "स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशी असतात. बऱ्याचशा राहिलेल्या नाहीत. जी उरली आहे, ती सगळ्यांचं काम करते आहे."

"बाकीचे वाजवणारे निघून गेले."

"असं म्हणा."

मग त्यांनी सुई उजव्या पायात घातली. मला वाटलं, तुलनेसाठी असेल. आम्हीही कारखान्यात चांगला नमुना शेजारी ठेवतो. "पाय सैल सोडा," त्या म्हणाल्या. आम्ही तिघेही स्पीकरकडे बघत होतो.

टक्, असा आवाज आला.

आजाराचं नाव त्यांनी नंतर सांगितलं, आणि त्यावर औषध काय आहे तेही, म्हणजे जवळजवळ नाहीच हे. किती वर्षं, हे आईने विचारलं. दादाने विचारलं नाही. त्याने विचारलं, "उजवा किती दिवस?"

"काही महिने चांगला राहील. कदाचित जास्त. चाला, फिरा, पण दमेपर्यंत काहीही करू नका. दमवलेल्या पेशी आपल्याला परत उभ्या करता येत नाहीत."

सुतळी घरी आला तेव्हा त्याला कुठे बघावं ते कळेना. खूप वेळ तो आईशीच बोलत राहिला, गिटारच्या तारा महागल्याबद्दल. मग एकदम दादाला म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"बरोबरच बोललास. अंगण सरळ होतं."

"गप रे."

"काकांना विचार, मला एक दिवस देतील का."

काका स्वतःच आले. खुर्चीच्या काठावर बसले, टोपी हातात. "तू फक्त ये. उजव्याचं वाजव. डाव्याचं मी असं भरीन, की तुझी आईसुद्धा ओळखणार नाही."

"काका, तुम्हीच म्हणाला होतात, पाय असतील तर या."

"मला काय माहीत होतं?"

"मलाही नव्हतं. फिटलं. डाव्याचे ठोके उजवा वाजवेल. आधी उजव्याचे सगळे रेकॉर्ड करा. मग मी दुसऱ्यांदा बसतो, त्याच पायाने मधल्या जागा भरतो. दोन्ही माझेच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात हिशेब केला. एका खेपेला ठोके निम्मेच, म्हणजे उजव्यावर नेहमीपेक्षा जास्त वेग नाही. पण खेपा दोन. आणि पहिल्याच झटक्यात स्वतःला आवडेल असा 'घाट' तो कधीच वाजवत नसे.

रेकॉर्डिंगच्या दिवशी निघताना आईने मला दारामागे घेतलं. "त्याला नाही म्हणायची माझी छाती नाही. तू सोबत आहेस ना? दमला की थांबव. कळलं? तुला दिसेल ते आधी."

"हो," मी म्हटलं.

पहिली खेप सुरेख झाली. दोन प्रयत्नांत काकांनी अंगठा वर केला. दुसऱ्या खेपेला घोडं अडलं. उजवा पाय जन्मभर ठेक्यावर पडलेला. आता त्याला ठेक्याच्या मध्ये, रिकाम्या जागेत पडायचं होतं. दादा सुरू करायचा, थोडा वेळ पाय बरोबर मध्ये पडायचा, आणि मग पाणी उताराला लागावं तसा ठेक्यावर घसरायचा. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी उजवा पाय खर्च होत होता आणि हाती काही लागत नव्हतं.

"डावा हलत नाही म्हणून होतंय," दादा म्हणाला. "आधी एक पडला की मग दुसरा पडतो. एकट्याला कळत नाही कुठे पडायचं."

मी काचेपलीकडून उठले. डाव्या पेडलचा बीटर काढून टाकला, म्हणजे ते दाबलं तरी आवाज होणार नाही. स्प्रिंगही सैल केली. मग ड्रमशेजारी फरशीवर बसले, हेडफोन लावले आणि दादाचं डावं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"ठेक्यावर मी हा पाय दाबते. तू मध्ये पड."

"तुला जमेल? तुला टाळ्यासुद्धा तालात येत नाहीत."

"संथ सुरू कर. वाढवत जाऊ."

तीच पद्धत, कंटाळा येईपर्यंत संथ. मी पाऊल दाबायचे, उचलायचे, दाबायचे, उचलायचे. माझ्या यंत्रासारखी. आणि उजवा अलगद मधल्या जागी पडायला लागला. लय वाढवली. माझे दंड भरून आले. खरा वेग गाठेपर्यंत माझे खांदे बधिर झाले होते, पण पाऊल खाली-वर होत होतं. काकांनी काचेतून खूण केली आणि रेकॉर्डिंग सुरू झालं.

तेव्हा मला तळहाताखाली काहीतरी जाणवू लागलं. मी पाऊल उचलायच्या क्षणभर आधी, प्रत्येक वेळी, त्याच्या घोट्यात एक अगदी बारीक ओढ यायची. तो पाय उचलायचा प्रयत्न करत होता. प्रत्येक ठोक्याला.

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर उजव्याची मांडी हलायला लागली. घोटा दमला की मांडी मदतीला येते, हे मी पहिल्याच दिवशी त्याला दाखवलं होतं. मी मान वर करून पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते, ओठ दातांत. आईने सांगितलेली वेळ हीच होती. माझ्या हातांत होतं. मी त्याचं पाऊल धरून ठेवलं असतं तर उजवा दोन ठोक्यांत चुकला असता आणि गाणं थांबलं असतं. नुसतं धरून ठेवायचं.

मी दाबत राहिले.

गाणं संपलं. हेडफोनमध्ये काकांचा श्वास ऐकू आला, मग आवाज: "झालं. पोरा, झालं."

दादाने उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा स्टुलावर बसला. उजवा चवडा फरशीवरून निघत नव्हता. "पाय झोपलाय," तो म्हणाला. आम्ही थोडा वेळ थांबलो. मग आणखी थोडा वेळ. शेवटी सुतळी आणि काकांच्या मदतनिसाने त्याला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट तीन मजले खाली आणलं. वळणावर खुर्ची तिरकी झाली.

"अरे हळू," दादा ओरडला. "पाय गेले, डोकं तरी राहू द्या."

सुतळीला हसू आलं आणि त्याला खुर्ची खाली ठेवावी लागली. तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

आईने दार उघडलं. खुर्ची पाहिली. त्याला पलंगावर निजवून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"दमला होता?"

"हो."

"थांबवलंस?"

"नाही."

ती पाणी गरम करायला गेली.

दुसऱ्या दिवशी उजवा थोडा परत आला, पण पूर्ण आला नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तोही गेला. आता उजव्या हाताची बोटं बटण लावताना अडखळतात. 'घाट' प्रसिद्ध झाला. थोड्या लोकांनी ऐकला. कुणी गिटारबद्दल लिहिलं, कुणी गाणाऱ्याच्या आवाजाबद्दल. पायांबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही. दादा म्हणतो, ड्रमरच्या पायांबद्दल कुणी बोलत नाही तेव्हा ते बरोबर पडलेले असतात.

आई मात्र विचारते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, मध्येच हात थांबवून. "त्या दिवशी वाजवलं नसतं तर उजवा राहिला असता का गं?"

डॉक्टर म्हणाल्या, सांगता येणार नाही. मलाही येत नाही. कारखान्यात हा प्रश्न सोपा असतो. एकाच तारेच्या दोन स्प्रिंगा घ्यायच्या, एकीवर भार टाकायचा, दुसरीवर नाही, आणि वाट बघायची. हे मी आईला समजावून सांगितलं. तुलना करायला दुसरा दादा हवा, आणि तो आपल्याकडे नाही.

"मग मी कुणाला विचारू?" आई म्हणाली.

आतून त्याने हाक मारली. त्याला कूस बदलून हवी होती. आम्ही दोघी उठलो.